पक्षिपारध : हाक, फासे व आमिषपक्षी

रानपक्ष्याच्या आवाजाची नक्कल करून, किंवा त्याच जातीचा पाळीव पक्षी बोलता ठेवून, रानातील पक्ष्याला दबा धरलेल्या जागी आणणे व तेथे फासे, जाळे अथवा शस्त्र यांच्या साहाय्याने पकडणे किंवा मारणे, या पद्धतीला स्थूलमानाने ‘हाकेची पारध’ म्हणता येईल. ‘हाका’ आणि ‘हाक’ या दोन शब्दांतील भेद येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. हाक्याच्या शिकारीत अनेक माणसे आरडाओरडा करीत, डबे वाजवीत सावजाला भिववून नेमबाजांकडे पिटाळतात. हाकेच्या पारधीत एकटादुकटा पारधी निश्चल बसून सावजाला त्याच्याच भाषेत बोलावतो. पहिलीचे बळ भीतीत, तर दुसरीचे विश्वासात असते. हाक्याला मनुष्यबळ व सत्ता लागते, म्हणून ती प्रायः राजेरजवाड्यांची व गावकीची शिकार राहिली. हाकेला केवळ कान, कंठ व सबुरी लागते, म्हणून ती निर्धन, भटक्या पारध्यांची उपजीविका झाली. भारतात पक्ष्यांची पारध आज कायद्याने निषिद्ध आहे. तथापि तिच्यातून साठलेले पक्षिज्ञान व तिच्यावर जगलेल्या समाजांची वाताहत या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा भाग होत.

प्रदेश व पक्षी : सातारा जिल्ह्याचा पाटण तालुका या विषयाच्या अभ्यासास सोयीचा आहे. पाटण हे गाव कोयना व केरा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग, अतिवृष्टी व निमसदाहरित अरण्ये आहेत. पूर्वेकडे मल्हारपेठ व कराडच्या दिशेने पाऊस झपाट्याने कमी होतो आणि झुडुपी माळ, पडसर व शेते लागतात. काही कोसांच्या अंतरात निसर्ग असा पालटत असल्यामुळे दाट रानातील व उघड्या माळावरील असे दोन्ही प्रकारचे कुक्कुटवर्गीय पक्षी येथे एकाच तालुक्यात आढळतात. पश्चिमेच्या जंगलात धूसर रानकोंबडा (गॅलस सोनेराटी), चकोत्री व मोर, तर पूर्वेच्या माळांवर तित्तिर व लाव्याच्या जाती असा हा क्रम आहे.

या पक्ष्यांमध्ये एक समान गुण आहे. ते जमिनीवर वावरतात, गवताझुडुपांत सहजी दिसत नाहीत आणि म्हणून परस्परांशी संबंध मुख्यतः आवाजाने राखतात. रानकोंबड्याचे आरवणे गावठी कोंबड्याच्या लांबलचक बांगेसारखे नसते. ते आखूड, तुटक व खंडित असते आणि पहाटे व सायंकाळी विशेष ऐकू येते. तित्तिराची चढत जाणारी, तीन अक्षरांची वाटावी अशी साद माळावर दूरवर पोहोचते. संस्कृत ‘तित्तिरि’ हे नावच ध्वन्यनुकारी आहे. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेच्या नावाशी जोडलेली, शिष्यांनी तित्तिर पक्षी होऊन वेद वेचल्याची कथा सर्वश्रुत आहे. पावसाळी लावा पावसाच्या दिवसांत पहाटे दोन-दोन तुटक शिट्या घालतो. झुडुपी लाव्यांचा थवा दचकून उधळला की त्यातील पक्षी थोड्याच वेळात मृदू शिळेने एकमेकांस बोलावून पुन्हा एकत्र येतात.

हाकेचे तत्त्व : पक्षी हाकेला तीन कारणांनी येतो. पहिले कारण वैर. तित्तिराचा नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज सहन करीत नाही. तो त्याला हुसकावण्यासाठी धावून येतो. दुसरे कारण जोडीची ओढ, आणि तिसरे संगतीची गरज, जी उधळलेल्या थव्यात दिसते. कुशल पारध्याला कोणती जात, कोणत्या ऋतूत, यांपैकी कोणत्या कारणाने येईल हे माहीत असावे लागते. विणीच्या काळात नराला चेतवणारी हाक हिवाळ्यात निरुपयोगी ठरते. थवा उधळण्यापूर्वी घातलेली संगतीची शीळ संशय उत्पन्न करते. म्हणूनच हाकेची पारध ही केवळ नकलेची करामत नसून ती पक्ष्याच्या वर्तनाच्या सूक्ष्म निरीक्षणावर आधारलेली विद्या होय.

साधने : हाक देण्याची सर्वांत जुनी साधने म्हणजे ओठ, जीभ, तळहात व बोटे. काही पारधी तोंडात पान धरूनही आवाज काढीत. जेथे कंठ अपुरा पडे तेथे आमिषपक्ष्याचा उपयोग होई. पिलू असताना पकडून वाढविलेला नर तित्तिर पिंजऱ्यात घालून पहाटे माळावर ठेवला जाई व पिंजऱ्याभोवती फाशांचे कडे मांडले जाई. पाळीव नर बोलू लागला की त्या हद्दीचा रानटी नर झुंजीच्या आवेशात धावत येई व त्याचा पाय किंवा मान फाशात अडके. लहान पक्ष्यांसाठी फासे घोड्याच्या शेपटीच्या केसांचे, तर मोठ्या सावजासाठी तातीचे असत. एका लांब दोरीस किंवा काठ्यांस असे अनेक फासे बांधून ते पायवाटेवर मांडीत. ससे व डुकरे यांकरिता लावावयाचे मोठे जाळे म्हणजे वाघूर. फासेपारध्यांची आणखी एक ख्यातनाम युक्ती म्हणजे शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणे. चरणारे गुरू पाहून पक्षी उडत नाही, तो केवळ बाजूला सरतो आणि सरतासरता फाशांच्या रांगेत शिरतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केस व तात यांची जागा नायलॉनने आणि तारेने घेतली. तारेची फासकी सावज निवडीत नाही. ती न पाहता सोडून दिली तर तीत बिबट्यासारखे प्राणीही अडकून मरतात. जुन्या पद्धतीत पारधी स्वतः जागेवर हजर असे, नव्या फासकीत तो असण्याची गरज उरली नाही, हा फरक साधनाचा असला तरी त्याचा परिणाम साधनापुरता राहिला नाही.

नवशिक्याचे शिक्षण : ही विद्या ग्रंथांतून शिकविली गेली नाही, ती बापाच्या मागे रानात जाणाऱ्या मुलाच्या कानांतून उतरली. तिच्या क्रमात ऐकणे आधी व बोलणे नंतर येते. नर कोणता, मादी कोणती. धोक्याची सूचना कोणती, चारा सापडल्याची कोणती. पक्षी झाडावर आहे की जमिनीवर, हे आवाजावरून ओळखता येऊ लागल्यावरच हाक घालण्याची पाळी येते. नवशिक्याचा नेहमीचा दोष म्हणजे अति बोलणे. खरा पक्षी एकदा बोलून थांबतो, उत्तराची वाट पाहतो; उतावळा माणूस थांबत नाही आणि त्या अखंड आवाजानेच तो उघडा पडतो. दुसरा दोष हालचालीचा. हाक दिल्यावर पक्ष्याचे सारे लक्ष त्याच ठिकाणी लागलेले असते, त्यामुळे हाक देणाऱ्याने लपणीत पापणीही हलवू नये अशी अपेक्षा असते. तिसरा दोष काळवेळ न ओळखण्याचा. ज्याला केव्हा गप्प बसावे हे समजले, त्याचे शिक्षण पुरे झाले असे मानण्यास हरकत नाही.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : पक्ष्याच्या आवाजाच्या नकलेचा स्पष्ट निर्देश पाली जातककथांत मिळतो. सम्मोदमान जातकातील पारधी लाव्याची शीळ घालून लाव्यांना एकत्र जमवितो व मग त्यांच्यावर जाळे टाकतो. एकजुटीने जाळे उचलून नेणारे लावे पुढे भांडू लागतात व पकडले जातात, ही कथा नीतिबोधासाठी प्रसिद्ध झाली. परंतु पारधीच्या इतिहासात तिचा आरंभच अधिक मोलाचा आहे. तित्तिर जातकात आमिषपक्ष्याचा प्रश्न येतो. आपल्या ओरडण्याने आपलेच आप्त मारले जातात हे पाहून पाळीव तित्तिर मौन धरतो. तेव्हा पारधी त्याच्या डोक्यावर बांबूने मारतो व वेदनेने तो पुन्हा ओरडतो. या पापाचा वाटेकरी मी आहे काय, असे तो एका तापसास विचारतो. मनाचा कौल नसेल तर पाप लागत नाही, असे उत्तर त्यास मिळते. फाशाचे तंत्र, आमिषपक्ष्याला बोलते ठेवण्याची क्रूरता आणि तिच्याविषयीची नैतिक अस्वस्थता ही तिन्ही एकाच कथेत नोंदली गेली आहेत.

महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीमध्ये व्याध व त्यांचे कुटुंबजीवन यांचे उल्लेख वारंवार येतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सु. ११३० मध्ये सिद्ध केलेल्या मानसोल्लास या ग्रंथात मृगया व श्येनविनोद म्हणजे ससाण्याकरवी पक्ष्यांची शिकार यांचे विवेचन असून, माणसाळवलेल्या हरणाच्या साहाय्याने रानटी हरणांना भुलविण्याची रीतही आली आहे. त्यातच लाव्यांच्या झुंजींचेही वर्णन आढळते. झुंजीसाठी पक्षी जिवंत पकडावे लागत, हे लक्षात घेता पक्षी धरणाऱ्यांना राजाश्रयाच्या कडेला का होईना स्थान होते, असे अनुमान करता येते. याच्या उलट टोकाला महानुभाव पंथाचा अहिंसाविचार उभा आहे. लीळाचरित्रातील, शिकाऱ्यांपासून पळालेल्या सशाला चक्रधरस्वामींनी अभय दिल्याचा प्रसंग मराठी वाङ्मयात चिरस्मरणीय ठरला आहे. मराठी ‘पारध’ हा शब्द ‘पापर्द्धि’ म्हणजे पापाची वृद्धी या संस्कृत शब्दापासून आला अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. तीमध्येही हाच दृष्टिकोन डोकावतो. अर्थात शब्दाचे हे ओझे राजाच्या मृगयेने नव्हे, तर पारध्याने वाहिले.

मराठा काळ : मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हा एक होता. पेशव्यांचा शिकारखाना पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी होता. साताऱ्याचे छत्रपती शाहू (१६८२–१७४९) यांचा शिकारीचा छंद विख्यात आहे. त्यांच्या आवडत्या कुत्र्याचे स्मारक साताऱ्याजवळ संगम माहुली येथे दाखविले जाते. दरबारी शिकारीला रानाची खबर देणारी, माग काढणारी व पक्षी धरून आणणारी माणसे स्थानिक पारधी, रामोशी, बेरड इत्यादी समाजांतून मिळत. त्यांची नावे मात्र क्वचितच कागदोपत्री आली.

ब्रिटिश काळ : एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या पक्ष्यांची शास्त्रीय नोंद होऊ लागली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची सूची प्रसिद्ध केली. झुडुपी लाव्याच्या जवळची, खडकाळ माळावर राहणारी एक जाती त्यानेच प्रथम वर्णिली. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम व मार्शल यांचा शिकारी पक्ष्यांवरील त्रिखंडात्मक ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात निघाला, तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाली. या संशोधनाच्या मागे नमुने मिळवून देणारे देशी पारधी होते. रानकोंबड्याच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांची पिसे विलायतेत मासेमारीच्या कृत्रिम माश्या बनविण्यासाठी वापरली जात; या व इतर पिसांच्या व्यापारामुळे झालेल्या संहारानंतर १९०२ मध्ये भारतातून पिसांच्या निर्यातीवर बंदी आली. १८८७ व १९१२ च्या अधिनियमांनी विणीच्या काळातील पक्ष्यांना मर्यादित संरक्षण दिले.

याच काळात पारध्यांवर दुसरा कायदा येऊन पडला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर भारतापुरता होता; १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासही लागू करता येऊ लागला. फासेपारध्यांवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का बसला, हजेरी व परवाना यांचे बंधन आले आणि अनेकांची रवानगी सोलापूर येथल्यासारख्या तारेच्या कुंपणातील वसाहतींत झाली. ज्यांची विद्या रानात हिंडण्यावर अवलंबून होती, त्यांचे हिंडणेच गुन्हा ठरले. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी फासेपारधी कुटुंबांना आश्रय व कामे दिली, हा त्या काळातील ठळक अपवाद होय. मुंबई राज्यात १९४९ मध्ये व देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपुष्टात आला. महाराष्ट्रात फासेपारधी आज अनुसूचित जमातींत मोडतात. परंतु संशयाचा वारसा कायद्याबरोबर संपला नाही.

अमेरिकेतील तुलना : हाकेच्या शिकारीचे सर्वांत विकसित रूप उत्तर अमेरिकेत रानटी टर्कीच्या (मिलिॲग्रिस गॅलोपाव्हो) शिकारीत दिसते. हा पक्षी भारतातला नव्हे. जहांगीर बादशहाच्या आज्ञेवरून मुकर्रबखानाने १६१२ मध्ये गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या प्राण्यांत टर्की होता आणि उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र काढले. अमेरिकेत वसंत ऋतूत नर गडगडल्यासारखा आवाज करतो व निसर्गक्रमाने मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नराला स्वतःकडे बोलावतो. म्हणजे तो निसर्गक्रम उलटा फिरवू पाहतो आणि त्यामुळेच नर पुष्कळदा अंतरावर थांबून मादीची वाट पाहतो. हेन्री गिब्सन याने १८९७ मध्ये लाकडी पेटीच्या हाकयंत्राचे एकस्व घेतले. पेटीचे झाकण कडेवर घासले की मादीचा आवाज निघतो; नवशिक्याला हे साधन सर्वांत सुलभ असते. पाटी व कांडी यांचे साधन त्याहून सूक्ष्म, तर तोंडात टाळूला लावावयाचा पातळ पडदा सर्वांत अवघड, पण हात मोकळे ठेवणारा असतो. तेथेही थोडे बोलावे व फार थांबावे हाच पहिला धडा दिला जातो. दुसरा धडा सुरक्षिततेचा आहे : रानात ऐकू येणारा टर्कीचा आवाज दुसऱ्या शिकाऱ्याचाही असू शकतो, म्हणून आवाजाच्या रोखाने लपतछपत जाऊ नये व बसताना पाठीशी रुंद बुंधा असावा. अमर्याद शिकार व जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक राज्यांतून नाहीसा झालेला हा पक्षी, १९३७ च्या कायद्याने बंदुका व दारूगोळा यांवरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळविल्यानंतर व पकडलेले पक्षी नव्या रानात सोडल्यानंतर पुन्हा वाढला. तेथे परवाना, हंगाम व संख्या यांच्या चौकटीत हाकेची विद्या कायदेशीर राहिली. भारताने वेगळा मार्ग पत्करला.

स्वातंत्र्योत्तर काळ : मुंबई राज्यात १९५१ चा वन्य प्राणी व पक्षी संरक्षण अधिनियम आला. १९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी ठरला. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात आरंभी लहान शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे, फासे लावणे, हुसकावणे, आमिष दाखविणे व तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश आहे. हाकेच्या पारधीतील प्रत्येक टप्पा अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला. पाटणच्या पश्चिम भागात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने खोरे पालटले. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले. सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवरील चांदोली अरण्याला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. धरणामुळे व अरण्यामुळे अनेक गावांचे स्थलांतर झाले. रानकोंबड्याला आसरा मिळाला, त्याच वेळी त्याचा आवाज ओळखणाऱ्या पिढीचा रानाशी असलेला रोजचा संबंध तुटला.

ज्ञानाचे रूपांतर : पारध थांबली तरी हाकेची विद्या सर्वस्वी व्यर्थ ठरली नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली (१८९६–१९८७) यांच्या नेतृत्वाखाली पक्षिस्थलांतराच्या अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम हाती घेतले, तेव्हा पक्ष्याला इजा न होता पकडण्यासाठी बिहारमधील परंपरागत मीरशिकाऱ्यांचे कौशल्य वापरले गेले. विदर्भात अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजाने संवेदना या संस्थेबरोबर तणमोर व त्याचा गवताळ अधिवास राखण्याच्या कामात भाग घेतला. साहित्यातही असेच स्थित्यंतर दिसते. आजच्या सांगली जिल्ह्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) शिकारीकडून वन्यजीव निरीक्षणाकडे वळले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आदिवासी व पारधी यांच्याकडून मिळालेले पक्ष्यांचे शब्द व समजुती मराठीत आणल्या. दाट रानात पक्षी दिसण्यापेक्षा ऐकू अधिक येतात. त्यामुळे पक्षिगणनेत आवाजावरून नोंद करणे ही मान्य पद्धत आहे. ज्याने हाकेला उत्तर येईपर्यंत थांबण्याचा सराव केला, त्याचा कान या कामी यंत्राइतकाच उपयोगी पडतो.

हाकेचा दुरुपयोग मात्र नव्या रूपाने चालू राहिला आहे. छायाचित्रासाठी ध्वनिमुद्रित साद वारंवार वाजवून पक्ष्याला समोर आणण्याची रीत रूढ झाली आहे. विणीच्या हंगामात अशा खोट्या सादेने नर अकारण झुंजीच्या पवित्र्यात येतो, घरट्याकडे व चाऱ्याकडे त्याचे दुर्लक्ष होते आणि त्याची हद्द उघडी पडते. पारधी निदान एका सकाळी एकदाच हाक घाली, यंत्र दमत नाही. म्हणून जबाबदार निरीक्षक संरक्षित क्षेत्रांत ध्वनिमुद्रित सादेचा वापर टाळतात. जातकातील तापसाने आमिषपक्ष्याला दोषमुक्त केले, कारण त्याला बोलावयाचे नव्हते. यंत्र चालविणाऱ्या हाताला ती सबब नाही.